एका जपानी इंजिनाची हकीकत

या व्यासपीठावरून इतिहास सांगितला जातो तो बहुधा गडकिल्ल्यांचा, राजवटींचा, ग्रंथांचा किंवा चळवळींचा. तो सांगावयास आमच्याहून अधिकारी माणसे या शहरात पुष्कळ आहेत. आम्ही पडलो कामगार चळवळीतली माणसे. आमचे अर्धे शिक्षण सातपूरला व्हाइसपुढे उभे राहून झाले आणि उरलेले अर्धे सार्वजनिक वाचनालयातून घरी नेलेल्या पुस्तकांवर, रात्रपाळी नसेल त्या रात्री. तेव्हा आमच्या वाट्याला जो इतिहास आला तो लोखंडाचा आणि ॲल्युमिनियमचा आहे. त्यात राजा नाही, लढाई मात्र आहे.

हा इतिहास एका लहानशा इंजिनाचा. जपानच्या निसान कंपनीने १९७० च्या प्रारंभी ते आपल्या डॅटसन सनी १२०० या गाडीत बसवले. कारखान्यातले त्याचे नाव ए १२. चार सिलिंडर, ७३ मिलिमीटरचा बोअर, ७० मिलिमीटरचा स्ट्रोक, एकूण ११७१ घन सेंटिमीटर. या सनीची एक कूपे, म्हणजे मागे उतरते छप्पर असलेली दोन दारांची गाडी, जपानच्या शर्यतीच्या मैदानांवर वर्षानुवर्षे धावली आणि तिच्यातले हेच इंजिन कुशल हातांनी तयार केल्यावर मिनिटाला आठ-दहा हजार फेरे घेऊ लागले. तिची थोरली बहीण डॅटसन २४० झेड. तिचे इंजिन वेगळे आणि मोठे, सहा सिलिंडरांचे. १९६९ च्या ऑक्टोबरात ती जगापुढे आली. अमेरिकेत तिची किंमत ३,५२६ डॉलर होती. जानेवारी २०२० मध्ये १९७१ सालची अशी एक गाडी लिलावात ३ लाख १० हजार डॉलरला गेली. आज जगभर लोक या गाड्या गोदामांतून, शेतांतून, भंगारातून शोधून काढतात, उकलतात आणि पुन्हा उभ्या करतात.

आपल्याकडे अशा गाड्या जवळजवळ आल्याच नाहीत. परवाना आणि जकात यांच्या भिंतीपलीकडे त्या राहिल्या. पण त्यांच्यातले धाकटे इंजिन मात्र ती भिंत ओलांडून आले. १९८५ च्या सुमारास मुंबईच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने फियाट १२४ च्या धर्तीच्या एका चौकोनी गाडीत ए १२ बसवले आणि तिला ११८ एन. ई. असे नाव दिले. ५२ अश्वशक्तीची ही गाडी त्या काळी डॉक्टर, वकील, बागाईतदार आणि मोठे साहेब यांच्या दारात दिसे. आज नाशिकमध्ये ज्या थोड्या उरल्या आहेत त्या मिस्त्री लोकांच्या कृपेने उरल्या आहेत. जपानी जुन्या गाडीच्या जीर्णोद्धाराची विद्या आपल्या गावात कोठे पाहावयाची असेल तर ती या गाडीच्या बॉनेटखाली पाहावी लागेल.

जीर्णोद्धार हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरतो. दुरुस्ती वेगळी आणि हे वेगळे. दुरुस्तीत बिघडले तेवढेच काढावयाचे. जीर्णोद्धारात सबंध गाडी सुटी करून प्रत्येक भागाला त्याचे वय विचारावे लागते.

प्रथम पत्रा. डॅटसन काय किंवा ११८ काय, या गाड्यांना ट्रकसारखी वेगळी चेसिस नसते. पत्र्याची पेटी हीच चेसिस. त्यामुळे गंज हा येथे केवळ रूपाचा प्रश्न राहत नाही. दरवाज्याखालचा पोकळ पट्टा आतून खाल्ला गेला की गाडीचा कणा गेला असे समजावे. २४० झेडचे वैरी ठरलेले आहेत: बॅटरीखालचा तबक, पुढच्या मडगार्डच्या आत चिखल साठतो ती जागा, पायाखालची जमीन आणि तिच्याखालचे लांब रूळ. मुंबईहून नाशिकला आलेल्या ११८ च्या पोटातही असाच माल निघतो. नाशिकची हवा त्या मानाने कोरडी. येथेच जन्म काढलेली गाडी पुष्कळदा तळाशी साबूत सापडते, मात्र तिच्या मालकाचे इगतपुरीकडे फारसे येणेजाणे नसले पाहिजे.

सडलेला पत्रा कापून नवा जोडावयाचा तर तो आधी बडवून आकाराला आणावा लागतो. ज्याच्या हातोड्याला अंदाज नाही तो माणूस लांबी भरून मोकळा होतो. जाड लांबीखाली गंज सुखाने वाढत राहतो आणि दोन पावसाळ्यांत रंगाला फोड येतात. चांगला डेंटर उलट्या बाजूने ठोका देतो, तळहात फिरवून उंचवटा ओळखतो आणि लांबी नखाच्या जाडीपलीकडे जाऊ देत नाही. हे पुस्तकात लिहिता येते. हाताला येण्यास मात्र दहा वर्षे लागतात.

मग इंजिन. ए १२ चा ब्लॉक बिडाचा आणि वरचे हेड ॲल्युमिनियमचे. हे दोन धातू सारखे तापत नाहीत आणि सारखे फुगत नाहीत. इंजिन एकदा बेसुमार तापले की हेड वाकते, गास्केट जाते आणि पाणी तेलात मिसळते. तेव्हा हेड सपाट घासून घ्यावयाचे आणि बसवताना बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, टप्प्याटप्प्याने आवळावयाचे. हे दुखणे आपल्याकडे अधिक झाले याचे कारण साधे आहे. रेडिएटरमध्ये गंजरोधक द्रव घालण्याऐवजी लोकांनी बोअरचे खारट पाणी घातले. वीस-तीस वर्षे त्या पाण्याने आतले मार्ग खाल्ले. हेडच्या भोकांभोवतीचे ॲल्युमिनियम साखरेसारखे झडलेले आम्ही पाहिले आहे.

सिलिंडर वरच्या बाजूस, रिंगांच्या फेरीच्या टोकाशी, सर्वांत अधिक झिजतो. तेथे बोटाच्या नखाला लागेल असा एक काठ तयार होतो. तो काठ पाहून अनुभवी मिस्त्री मोजमाप करण्याआधीच सांगतो की हिला बोअरिंग पाहिजे. बोअर वाढवला की तेवढ्याच मोठ्या मापाचा पिस्टन पाहिजे, आणि तो न मिळाल्यास स्लीव्ह घालून मूळ मापावर यावे लागते. क्रँक पाच बेअरिंगांवर फिरतो. या इंजिनाच्या आधीच्या ए १० ला तीनच होती, ही सुधारणा एवढ्या लहान इंजिनाला पुष्कळ झाली, आणि नीट राखलेल्या ११८ चा आवाज आजही शिवणयंत्रासारखा येतो त्याचे मोठे श्रेय या पाच बेअरिंगांना आहे. टायमिंगची साखळी म्हातारपणी खुळखुळते. तिचा ताणपट्टा बदलावा लागतो. अलीकडे एका नव्या रोगाची भर पडली आहे. २०२५ पासून देशभर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळू लागले. आमच्या जिल्ह्यात ऊस पिकतो, त्यामुळे इथेनॉलला नावे ठेवणे आम्हास परवडणारे नाही. पण जुन्या कार्ब्युरेटरातले रबरी पडदे आणि नळ्या त्याने फुगतात आणि इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते हे खरे आहे. गाडी महिनाभर उभी राहिली की कार्ब्युरेटर उघडून पाहिलेला बरा.

असो. इंजिन असे उघडून टेबलावर मांडले म्हणजे आमच्यासारख्या माणसाच्या मनात दुसरेच प्रश्न येतात. हे कोणी केले? कोणत्या मजुरीवर केले? आणि किती घाईने?

डॅटसन हे नाव मोठे गमतीचे आहे. १९१४ च्या सुमारास डेन, आओयामा आणि ताकेउची या तीन भांडवलदारांच्या आद्याक्षरांवरून एका गाडीला डॅट म्हटले गेले. पुढे १९३१ मध्ये लहान गाडी निघाली तेव्हा ती डॅटचा मुलगा म्हणून इंग्रजी पद्धतीने डॅटसन झाली. परंतु त्या शेवटच्या अक्षराचा उच्चार जपानीत ‘नुकसान’ या अर्थाच्या शब्दासारखा होतो म्हणून रोमन लिपीतले एक अक्षर बदलून त्याला सूर्याचे रूप दिले. १९३३ मध्ये योशिसुके ऐकावा यांनी निसानची उभारणी केली. महायुद्धानंतर कंपनी मोडकळीस आली होती. १९५२ मध्ये तिने इंग्लंडच्या ऑस्टिन कंपनीशी करार केला आणि सुटे भाग जोडता जोडता ते सर्व देशातच करावयास ती शिकली.

येथे श्रोत्यांनी थोडे कुर्ल्याकडे पाहावे. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. १९४७ मध्ये तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या गाड्या जोडून बाहेर पडू लागल्या आणि पुढे लवकरच तिने इटलीच्या फियाटचा हात धरला. म्हणजे योकोहामा आणि कुर्ला ही दोन गावे १९५० च्या आगेमागे एकाच बाकावर बसलेली होती. दोघांच्या हातात परक्याचा नकाशा आणि दोघांचीही प्रतिज्ञा एकच, की उद्या हे आपण स्वतः करू. वालचंदांनीच १९४० मध्ये बंगळूरला विमानांचा कारखाना काढला होता. त्या कारखान्याची वंशवेल १९६४ मध्ये आमच्या ओझरपर्यंत आली, हे जाता जाता सांगावयास हरकत नाही.

मग एक गाव पुढे गेले आणि दुसरे मागे राहिले, याचे कारण काय? जपानी माणूस शिस्तीचा आणि आपला आळशी, असे उत्तर आम्ही शेकडो वेळा ऐकले आहे, आणि ते बहुधा ज्यांनी कधी पान्हा धरला नाही अशांच्या तोंडून. उत्तर एवढे स्वस्त नाही. त्यासाठी १९५३ साली निसानमध्ये काय झाले ते पाहावे लागते.

युद्धानंतरच्या जपानात कामगार संघटना जोरात होत्या. मोटार कारखान्यांची मिळून एक अखिल संघटना होती आणि तिचा पुढारी मासुदा तेत्सुओ निसानमधलाच होता. तो तोक्यो विद्यापीठाचा पदवीधर. पण त्याची खरी ताकद व्याख्यानात नव्हती. निसानच्या प्रत्येक विभागात कामगारांची समिती होती. किती जादा काम करावयाचे, कोणास कोठे हलवावयाचे, कामाची गती किती ठेवावयाची, हे त्या समितीशी बोलल्यावाचून मुकादमाला ठरवता येत नसे. आमच्या मते युद्धोत्तर जगातील कामगारांनी मिळवलेल्या मोठ्या गोष्टींत ही गोष्ट गणली पाहिजे. पगारवाढ महागाई खाऊन टाकते. यंत्राच्या गतीवर हात ठेवणे ही वेगळी सत्ता आहे.

व्यवस्थापनाला नेमकी हीच सत्ता मोडावयाची होती. कात्सुजी कावामाता हे गृहस्थ औद्योगिक बँकेतून कंपनीत आलेले. मोटारीचे त्यांना फारसे प्रेम नव्हते, हिशेबाचे होते. १९५३ च्या उन्हाळ्यात पगाराची मागणी पुढे आली. कंपनीने उलट मागणी टाकली की कामाच्या वेळात युनियनचे काम केल्यास त्या वेळेचा पगार नाही. संप, मोर्चे, घेराव सुरू झाले. ऑगस्टमध्ये कंपनीने टाळेबंदी केली, पुढाऱ्यांना काढले, मासुदा आणि इतर काहींना अटक झाली. महिनाअखेर कंपनीच्या आशीर्वादाने दुसरी युनियन निघाली. तिच्या सभासदांना कामावर घेतले जाऊ लागले. ज्यांच्या घरी तांदूळ संपला होता ते एकेक करून तिकडे गेले. त्यांना नावे ठेवण्याचे धाडस आम्ही करणार नाही. टाळेबंदीचा तिसरा महिना कसा असतो हे आम्ही आमच्या सभासदांच्या घरी पाहिले आहे. सप्टेंबरात सारे संपले. पुढल्या वर्षाअखेर ती अखिल संघटनाही विसर्जित झाली.

दुसरी युनियन मात्र टिकली आणि माजली. पुढे या युनियनने ओप्पामाच्या कारखान्यात कावामाता यांचा पुतळा उभारला. आम्ही पुष्कळ युनियन पाहिल्या. वर्गणी काढून व्यवस्थापनाचा पुतळा उभारणारी ही एकच.

आता न्यायाने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्या पराभवानंतर निसानच्या कायम कामगाराला नोकरीची शाश्वती मिळाली, पगार वाढत गेले, मुलांची शिक्षणे झाली. गतीवरचा हक्क देऊन त्याने भाकरीची हमी घेतली. हा सौदा फायद्याचा की तोट्याचा हे ठरवणे सोपे नाही. आमचे मत विचाराल तर महाग पडला. पण ज्याला दोन्हींपैकी एकही मिळाले नाही अशा कामगाराने हे मत द्यावे याला मर्यादा आहे, हेही आम्ही जाणतो. आणि एवढे निश्चित की १९६० नंतर स्वस्त, नेमक्या आणि लाखांनी निघणाऱ्या ज्या गाड्यांनी जग जिंकले, त्यांच्या किमतीत १९५३ चा तो हिशेब धरलेला आहे.

मोटारीवर प्रेम करणारा माणूस त्या कंपनीत नव्हता असे नाही. युताका कातायामा हे जाहिरात विभागातले गृहस्थ. १९५८ मध्ये सबंध ऑस्ट्रेलियाला वळसा घालणाऱ्या कठीण शर्यतीत ते दोन लहान डॅटसन घेऊन गेले आणि त्यांतील एकीने आपल्या वर्गात पहिला क्रमांक मिळवला. मुख्य कचेरीतील कावामाता आणि नवी युनियन यांच्या जुळलेल्या कारभारात हा माणूस बसेना. १९६० मध्ये त्यांची रवानगी अमेरिकेस झाली. डेव्हिड हॅल्बरस्टॅम या अमेरिकन पत्रकाराने १९८६ मधील आपल्या जाड ग्रंथात हे सारे प्रकरण सांगितले आहे आणि ज्यांना इंग्रजी वाचता येते त्यांनी ते अवश्य वाचावे. कातायामांनी तेथे दुकानदार जोडले, सुट्या भागांचा साठा पक्का केला आणि कंपनीच्या मागे लागून २४० झेड करवून घेतली. कावामातांनी एक संगीत नाटक पाहून या घराण्याच्या गाड्यांना ‘फेअरलेडी’ असे नाव दिले होते. कातायामांनी अमेरिकेत पोचलेल्या गाड्यांवरून ती अक्षरे काढून टाकली आणि त्या जागी आकडा लावला. २०१५ मध्ये ते १०५ वर्षांचे होऊन वारले.

या गाडीची खरी परीक्षा आफ्रिकेत झाली. पूर्व आफ्रिकेच्या सफारी रॅलीत हजारो मैल चिखल, धूळ आणि दगड. १९७१ मध्ये २४० झेड जिंकली, आणि १९७३ मध्ये पुन्हा जिंकली तेव्हा चाकावर शेखर मेहता होता. युगांडात जन्मलेला भारतीय वंशाचा हा तरुण. आदल्याच वर्षी इदी अमीनने तेथील आशियाई लोकांना देशाबाहेर घालवले आणि त्याच्या कुटुंबाला केनिया गाठावा लागला होता. त्या वर्षी पहिल्या दोन गाड्यांचे गुण समान भरले आणि निकाल बारीक हिशेबाने मेहताच्या बाजूने लागला. त्याने पुढे १९७९ ते १९८२ अशी सलग चार वर्षे ही रॅली जिंकली, तीही डॅटसनमध्येच. आपल्या वर्तमानपत्रांना क्रिकेटपुढे त्याची आठवण फारशी राहिली नाही.

तर असे हे घराणे. त्यातले धाकटे इंजिन १९८५ मध्ये कुर्ल्याच्या कंपनीकडे आले. १९५० मध्ये एका बाकावर बसलेल्या दोघांपैकी एकाने दुसऱ्याकडून इंजिन घ्यावे, यातच मधल्या पस्तीस वर्षांचा निकाल आहे. पण तो निकाल कामगारांच्या विरुद्ध लावण्याआधी दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. बंद बाजारात प्रीमियरची गाडी नंबर लावून विकली जाई. जे बनवू ते खपत असता नवे इंजिन आखण्यास पैसा घालण्याची निकड कोणाला? आणि दुसरी गोष्ट म्हणजे कुर्ल्याचा कामगारही गतीच्याच प्रश्नावर झगडत होता. तेथील मोटार प्रॉडक्शन विभागातील इन्सेन्टिव्ह योजनेवरून तंटा झाला. एका युनियनने कंपनीशी केलेला करार दुसऱ्या युनियनच्या कामगारांना मान्य नव्हता, म्हणून ते दिवाणी न्यायालयात गेले. १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर निकाल दिला की जो हक्क औद्योगिक विवाद कायद्यानेच जन्माला घातला, त्याची दाद त्या कायद्याच्या वाटेनेच मागितली पाहिजे. कामगार कायद्याच्या विद्यार्थ्यांना प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा हा निकाल पाठ असतो. त्यामागे किती पिस्टन, किती तास आणि किती पैसे हा प्रश्न होता, याची आठवण मात्र फारशी कोणाला नसते. म्हणजे योकोहामात टाळेबंदीने सुटलेला प्रश्न कुर्ल्यात वकिलांकडे गेला.

नंतरचे सर्वांना ठाऊक आहे. बाजार उघडला, नव्या गाड्या आल्या, २००० च्या सुमारास पद्मिनी आणि ११८ दोन्ही थांबल्या. शेवटची काळीपिवळी पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यावरून उतरली तेव्हा वर्तमानपत्रांनी डोळ्यांत पाणी आणून लेख लिहिले. ती टॅक्सी ज्यांनी केली त्यांचा कारखाना त्याच्या कितीतरी आधी मोडला होता. कुर्ल्याला त्या जागी आता इमारती आहेत. रस्त्याच्या नावात तेवढे प्रीमियर उरले आहे. बोअरिंगवाले, ग्राइंडर, डेंटर, रंगारी असे शेकडो हात तेथून आणि तशाच बंद पडलेल्या इतर कारखान्यांतून बाहेर पडले आणि मिळेल त्या गावी, मिळेल त्या गाळ्यात जाऊन बसले. काही नाशिकला आले.

परदेशी कंपन्यांना आपल्या जुन्या गाड्यांची किंमत उशिरा कळली. निसानने १९९६ ते १९९८ या काळात अमेरिकेत जुन्या २४० झेड विकत घेऊन त्या बाहेरच्या कारागिरांकडून नव्यासारख्या करवल्या आणि आपल्या दुकानांतून विकल्या. बेत दोनशे गाड्यांचा होता. पन्नासही झाल्या नाहीत, कारण प्रत्येक गाडी आतून वेगळीच निघे आणि खर्च हिशेबात बसेना. माझ्दाने २०१७ पासून हिरोशिमात आपल्या पहिल्या पिढीच्या रोडस्टर गाड्यांसाठी अशी सोय काढली. त्यासाठी मूळ नमुन्याचा टायर टायर कंपनीकडून पुन्हा करवून घेतला, लाकडी चाकसुद्धा पुन्हा करवले. टोयोटाने २०२० मध्ये २००० जी. टी. या आपल्या दुर्मीळ गाडीचे भाग पुन्हा काढण्यास घेतले. तशा गाड्या मुळात सुमारे साडेतीनशेच झाल्या होत्या. एवढ्याशा गाड्यांसाठी मोठ्या कंपनीने गिअर कापावेत ही गोष्ट आम्हास मनापासून आवडली.

आमच्या ११८ च्या मागे अशी कोणतीही कंपनी उभी नाही. तिचा सुटा भाग म्हणजे कोठल्या तरी जुन्या दुकानाच्या माळ्यावरचे धुळीने भरलेले खोके, नाही तर भंगारातल्या दुसऱ्या ११८ चे अवयव, नाही तर सातपूर-अंबडच्या एखाद्या लेथवर नमुना पाहून केलेला तुकडा. हे तिसरे साधन नाशिकलाच शक्य आहे. येथे १९६४ पासून विमाने झाली, पुढे इंजेक्टर झाले, जीपगाड्या झाल्या. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचे वजन कळणारी माणसे गल्लोगल्ली आहेत. निवृत्त टर्नर संध्याकाळी मित्राच्या वर्कशॉपात बसून ताणपट्ट्याचा बोल्ट किंवा पंपाची दांडी घडवून देतो आणि चहाखेरीज काही घेत नाही. ही उदारता छान आहे, पण तिच्यावर धंदा चालत नाही.

आमच्या ओळखीचे एक वयस्कर मिस्त्री मुंबई नाक्याच्या अंगाला बसतात. सगळे त्यांना चाचा म्हणतात. ११८ चे हेड त्यांच्याइतके कोणी सपाट करून देत नाही. एकदा आम्ही विचारले, “चाचा, एवढ्या कामाचे किती घेता?”

ते म्हणाले, “भाऊ, गाडीवाला गाडी वीस हजाराला घेतो. त्याच्यापुढे मी चाळीस कसे सांगू?”

या एका वाक्यात या धंद्याचे सारे अर्थशास्त्र आहे. पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या, मूळ रूप राखलेल्या गाडीला २०२१ च्या नियमांनी विंटेज म्हणून स्वतंत्र नोंदणी मिळू लागली. नव्या नोंदणीस २० हजार रुपये, मुदत दहा वर्षे. पहिल्या ११८ ला पन्नास वर्षे होतील २०३५ मध्ये. त्या दिवशी तिची किंमत वाढेल, लिलाव होतील, मासिकांत रंगीत चित्रे येतील. तोपर्यंत तिला जगवण्याचे काम भविष्यनिर्वाह निधी नसलेल्या, विमा नसलेल्या, साप्ताहिक सुटी स्वतःच्या खिशातून घेणाऱ्या माणसांनी करावयाचे आहे. हाताखाली पोरे येत नाहीत. आयटीआयतून निघालेला मुलगा संगणक जोडून दोष शोधणारी नवी वर्कशॉपे पसंत करतो, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. तेथे महिन्याच्या सात तारखेला पगार होतो.

आमच्या युनियनने गेल्या दोन वर्षांत गॅरेजमधल्या या माणसांची यादी करावयास घेतली आहे. मालक आणि मजूर यांत येथे फारसा फरक नसल्याने मागणी कोणाकडे करावयाची हाच पहिला घोळ होतो. म्हणून सुरुवात असंघटित कामगारांच्या सरकारी नोंदणीपासून केली. तीत वयाची अट १६ ते ५९ अशी आहे. चाचांचे वय ६४. त्यांचे नाव बसले नाही. त्यांच्याकडे गेल्या दिवाळीपासून एक मुलगा येतो, सिन्नरकडचा, एकोणीस वर्षांचा, त्याचे बसले. फॉर्मवर कौशल्याच्या रकान्यात काय लिहू, असे त्याने विचारले तेव्हा चाचांनी हातातले गास्केट बाजूला ठेवले, थोडा विचार केला आणि सांगितले, “हेडचे काम लिही. बोअरचे अजून लिहू नको.”